कार्बुरेटरवरचा आळ

(द्वितीय वर्ष, कला)

जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमानाचे उदाहरण तर्कशास्त्राच्या तासाला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले, तेव्हा वर्गात मी एकटा हसलो. सरांनी कारण विचारले. मी उभा राहिलो, पण उत्तर दिले नाही. उत्तर साधे होते. आमच्या टिनाच्या शेडमध्ये धुराचे तीन रंग असतात आणि तिन्हींचा अर्थ निराळा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. निळा म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन मिनिटे आला तर ती नुसती वाफ. पण इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर कुठून तरी पाणी आत शिरते आहे. 'धूर आहे, त्या अर्थी अग्नी आहे' एवढेच सांगणाऱ्या पोराला माझे बाबा गाडीजवळ उभे करणार नाहीत.

परंतु हे सांगायचे म्हणजे बाबा काय करतात ते सांगावे लागले असते. आणि प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायासमोर मी 'शेती' असे लिहून ठेवले होते. ते खोटे नव्हे. दोन एकर धान आहे. पण आमचे घर चालते ते सानगडीच्या रस्त्याकडेच्या त्या शेडवर. मोटारपंपाची इंजिने, ट्रॅक्टर, मोटारसायकली आणि कधीमधी एखादी चारचाकी, असे जे येईल ते बाबा दुरुस्त करतात. शाळा सातवीपर्यंत, पुढले शिक्षण नागपूरच्या एका गॅरेजात उस्तादाच्या हाती पाने देता देता झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला.

तेव्हा न दिलेले उत्तर आज येथे देतो, आणि त्यासोबत एक मतही मांडतो. वर्गात जे चालते त्याला आपण 'अनुमान' म्हणतो आणि मिस्त्री जे करतो त्याला 'अंदाज' म्हणतो. हा भेद खोटा आहे. मिस्त्रीचे त्याने काही बिघडत नाही. नुकसान होते ते आपले. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः तोंडघशी पडलो, त्यावरून सांगतो.

आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींकडे प्रीमिअर पद्मिनी आहे. आजच्या पिढीला ही गाडी ठाऊक असली तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, आणि सत्तरच्या दशकात तिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलेंडरचे इंजिन, वर एक कार्बुरेटर. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेखाच्या थाटात निरोप दिला. आमच्या गुरुजींना मात्र ते मान्य नाही. त्यांच्या मते गाडी निवृत्त होत नाही, मालक होतो.

ही गाडी सुट्टीत आमच्या शेडमध्ये आली तेव्हा बाबा घरी नव्हते. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला गेले होते. गुरुजी म्हणाले, "बाबू, गाडी मिसिंग मारते." मी बॉनेट उघडले. इंजिन थरथरत होते, स्लो धरत नव्हते, मधूनच एखादा ठोका चुकत होता. मी क्षणभर ऐकले आणि ऐटीत सांगून टाकले, "कार्बुरेटर."

का सांगितले? कारण तो समोर दिसतो. बॉनेट उघडताच पहिली नजर त्याच्यावर पडते. त्याला पिळता येतील असे स्क्रू आहेत, आणि पिळला की आवाज बदलतो. त्यामुळे आपण काही तरी करतो आहोत असे समाधान मिळते. डेल्कोच्या झाकणाखाली दडलेले पॉइंट, व्हॉल्व्हची बैठक, कुठल्याशा पॅकिंगमधली केसाएवढी फट, या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कोणी आळ घेत नाही. गाव असो की गॅरेज, आळ नेहमी चव्हाट्यावर बसणाऱ्यावर येतो.

मी कार्बुरेटर उतरवला. पेट्रोलने धुतला, जेटमधून हवा मारली, साकोलीहून नवी किट आणून बसवली. घट्ट बसावा म्हणून बुडाचे नट सगळा जोर लावून आवळले. इंजिन सुरू केले. थरथर तशीच! तेव्हा मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मी नवे प्लग, नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट असे तिन्ही एकदम टाकले. थरथर तशीच. गुरुजी बिचारे रोज संध्याकाळी सायकलने येत, शेडच्या दारातल्या बाकावर बसत आणि काही न बोलता परत जात. त्यांचे ते न बोलणे मला फार लागे.

आठव्या दिवशी बाबा आले. मला वाटले, ते बॉनेट उघडतील. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी हात धुतले, गुरुजींसाठी चहा मागवला आणि विचारले, "गुरुजी, पयले कुठं अडत होती गाडी?"

"पाळीच्या चढावर," गुरुजी म्हणाले. "तलावाची पाळ चढताना अडखळायची. उभी असतानाही थोडी थरथरायची, पण खरा त्रास चढावर."

"आन् आता?"

गुरुजींनी थोडा विचार केला. मी नवे सामान टाकल्यावर ते एकदा गाडी घेऊन फिरून आले होते. "आता चढ मजेत घेते, मिस्त्री. पण चौकात उभी केली की थरथरते ती बंदच पडते."

हे वाक्य मी आठ दिवसांत ऐकले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. बाबा माझ्याकडे वळले. "हे जुनी बिमारी नाही. हे नवी होय. तुज्या हाताची."

येथे थोडे थांबून या वाक्यामागचा विचार सांगितला पाहिजे, कारण माझे म्हणणे सारे त्यातच आहे. इंजिन असमान चालते याला कारणे अनेक असू शकतात. पण प्रत्येक कारणाची वेळ ठरलेली असते. चढावर इंजिनावर भार येतो, सिलेंडरमध्ये दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त जोराचा करंट लागतो. पॉइंट जळके असतील, कॉइल किंवा कंडेन्सर कमजोर असेल, तर सपाटीवर निभावणारी ठिणगी चढावर दगा देते. उलट, गाडी उभी असताना कार्बुरेटरची झडप जवळजवळ बंद असते; इंजिन जोराने ओढत असते, पण हवा जाते अगदी थोडी. अशा वेळी कार्बुरेटरच्या बुडाखालून केसाएवढ्या फटीतून आगंतुक हवा शिरली, तर त्या थोड्या हवेत तिचा वाटा फार मोठा होतो. पेट्रोल अपुरे पडते, आणि इंजिन कापू लागते. झडप उघडली, हवेचा लोंढा सुरू झाला, की तेवढ्या फटीला कोणी विचारत नाही. म्हणून चढावरचा दोष बहुधा करंटचा, आणि उभ्या गाडीचा दोष बहुधा हवेचा. 'बहुधा' म्हणतो, कारण पुढे तपासणी हवीच.

बाबांनी ती केली. इंजिन सुरू करून चोक अर्धा ओढला. थरथर एकदम कमी झाली. चोक म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचा वाटा वाढवणे. तेव्हा इंजिन पेट्रोलला भुकेले होते हे ठरले. आता दोन शक्यता उरल्या: जेट तुंबलेला, किंवा हवा चोरवाटेने शिरते आहे. बाबांनी तेलाची कुपी घेतली आणि कार्बुरेटरच्या बुडाच्या सांध्यावर चार थेंब सोडले. एका बाजूला काही झाले नाही. दुसऱ्या बाजूला तेल सांध्यात ओढले गेले, आणि दोन क्षण इंजिन असे सुरेख चालले की गुरुजी बाकावरून उठले. तेल आत गेले, पुन्हा थरथर.

कार्बुरेटर उतरवून त्याच्या बुडाला स्टीलची पट्टी लावली आणि पलीकडून उजेड धरला. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली. मी जोर लावून नट आवळले, त्याने तो मऊ धातू वाकला होता. नवे पॅकिंगही ती फट भरू शकत नव्हते. आता काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते बूड घासायचे काम मला मिळाले. सरळ व्हायला पुरा दीड तास लागला. आपल्या चुकीला हाताने घासत बसणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल.

म्हणजे झाले होते असे. मूळ दोष करंटचा होता. मी आधी कार्बुरेटर उतरवून हवेचा दुसरा दोष निर्माण केला. मग प्लग, कंडेन्सर, पॉइंट बदलून मूळ दोष नकळत बराही केला! परंतु माझाच दोष मध्ये उभा असल्यामुळे मला काहीच फरक पडलेला दिसला नाही. एक चोर पळाला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला, आणि पहारेकरी म्हणत होता, 'चोर तोच आहे.'

गाडी नीट चालू लागली. मला वाटले, सुटलो. पण बाबा म्हणाले, "सप्पा एकाच खेपेला बदलवलास. आता त्या तिघांत चोर कोन होता, हे कोन सांगल?" मी म्हटले, गाडी तर चालते ना. त्यांनी जुन्या सामानाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि एकेक जुनी वस्तू परत बसवायला सांगितली. आधी जुने प्लग लावले, गुरुजी पाळ चढून आले, गाडी ठीक. नवे प्लग परत लावले, जुना कंडेन्सर लावला, ठीक. तोही परत बदलून जुने पॉइंट लावले, फिलर गेजने त्यांची फट बरोबर केली. अशा इंजिनात ती अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. गुरुजी गेले, आणि पाळीवरून गाडीची अडखळ खालपर्यंत ऐकू आली. चोर सापडला. प्लग आणि कंडेन्सर विनाकारण घेतले होते, किटही. त्यांची किंमत बाबांनी मजुरीतून वजा केली. मजुरी उरलीच नाही. गुरुजी नको नको म्हणत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही, त्याचे कारण पैसे नव्हते. सुट्टीपूर्वीच्या परीक्षेत मी जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धतींवर प्रश्न सोडवला होता. दोन प्रसंग एका गोष्टीखेरीज सर्व बाबतींत सारखे असतील, आणि एकात घटना घडत असेल व दुसऱ्यात नसेल, तर ती एक गोष्ट कारणाशी संबंधित, ही त्याची व्यतिरेक-पद्धती. १८४३ सालच्या ग्रंथातली. मला तिच्यावर चांगले गुण मिळाले होते. आणि शेडमध्ये त्याच मी एका वेळी तीन गोष्टी बदलल्या. बाबांनी मिलचे नावही ऐकलेले नाही. ते मात्र एका वेळी एकच वस्तू बदलतात. न्यायदर्शनातला 'उपाधी'चा मुद्दाही तसाच. अग्नी असला म्हणजे धूर असतोच असे नाही. इंधन ओले असेल तरच धूर, हे आमच्याकडून पाठ करून घेतले गेले. बाबांचा 'उभी असताना की चढावर?' हा प्रश्न दुसरे काय आहे? दोष कोणत्या अटीवर दिसतो, हेच ते विचारतात.

कोणी म्हणेल, वडिलांच्या अभिमानापोटी हा मुलगा पान्याला ग्रंथाच्या पंक्तीला बसवतो आहे. तसे नाही. सगळे मिस्त्री असे नसतात, हे मला माहीत आहे. कान लावून 'कार्बुरेटर' म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच. शिवाय बाबांनाही चुकताना मी पाहिले आहे. एकदा एका इंजिनाचा कॉम्प्रेशनचा दोष ते दोन दिवस प्लगमध्ये शोधत होते. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला अनुमान करायचे आहे त्याने कुठेही असले तरी त्याच वाटेने गेले पाहिजे, आणि ही वाट वर्गात पाठ करून येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आता असल्या गाड्या उरल्या किती? नव्या गाडीला संगणक लावला की दोष पडद्यावर येतो. मी पाहिले आहे. पहिला सिलेंडर ठोका चुकवत असेल तर 'पी ०३०१' असा आकडा येतो. उत्तम सोय आहे, आणि कार्बुरेटर परत यावा असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचा धूर आम्ही पुरेसा गिळला आहे. परंतु तो आकडा काय सांगतो? रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढावी. जिथे काढल्यावर आवाज पडतो तो सिलेंडर कामाचा, जिथे काहीच फरक पडत नाही तो मेलेला, ही बाबांची रीत जे सांगते तेवढेच. कोणता सिलेंडर, ते कळले. का, ते कळले नाही. प्लग, वायर, पेट्रोल की व्हॉल्व्ह? तो आकडाही एक धूरच आहे. तो पाहून थेट वस्तू बदलत सुटणारा आणि मी, यांत मला फारसा फरक दिसत नाही. त्याचे बिल मोठे असते, इतकेच.

आणि आता नवा आळ आला आहे. २०२५ सालापासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते उसापासून, मक्यापासून, आणि आम्हा धानपट्टीतल्यांनी लक्ष द्यावे, तांदळापासूनही काढतात. पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बुरेटरच्या जेटचे भोक मात्र तेवढेच राहते, म्हणून जुनी गाडी थोडी भुकेली चालते. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही, आणि ते पाणी धरते. हे सारे खरे आहे. म्हणूनच हल्ली शेडमध्ये येणारा प्रत्येक जण बॉनेट उघडण्याआधीच 'पेट्रोल खराब' म्हणून मोकळा होतो. पण गुरुजींचे जळके पॉइंट पेट्रोलने जळले नव्हते. एखादी गोष्ट सर्वसाधारणपणे दोषी असते, म्हणून ती या गाडीत, आज, दोषी आहे असे होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

हे सगळे कॉलेजच्या अंकात कशासाठी, असे आपल्याला वाटत असेल तर सांगतो. प्रथम वर्षाचा निकाल कमी लागला तेव्हा स्टाफरूमच्या दाराशीही आणि आमच्या कट्ट्यावरही एकच कारण ऐकू आले: मोबाइल. मोबाइल दिसतो, हातातच असतो. पण कोणी एकेक वायर काढून पाहिली का? नापास झालेले कोणत्या विषयात अडले, सगळेच विषय थरथरले की एकच सिलेंडर मेला? पहिल्या तासाला बाहेरगावचे बरेच जण वर्गात नसतात, हे मी रोज पाहतो, कारण मीही त्यांतला. ज्यांच्या घरी पुस्तक वाचून सांगणारे कोणी नाही ते चढावर अडतात की उभ्यानेच बंद पडतात? मला उत्तर माहीत नाही. आणि कदाचित मोबाइलच खरा चोर निघेलही! मग तसे ठरवून म्हणू या. पण गुरुजींना विचारल्याशिवाय बॉनेट उघडू नये, तसे विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय निदान करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून एक सूचना करतो. तर्कशास्त्राच्या वर्गाने वर्षातून एक रविवार आमच्या किंवा कोणत्याही गॅरेजात घालवावा. मिस्त्रीने भाषण देऊ नये आणि सरांनीही देऊ नये. एक बिघडलेले इंजिन असावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलण्यापूर्वी काय होईल ते कागदावर लिहून द्यायचे, एवढा नियम असावा. सरांना मी हे बोललो आहे. ते तयार आहेत. त्यांच्या स्कूटरलाही काही तरी झाले आहे, ती ते घेऊन येणार आहेत. बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "येऊ दे. पन रोवनीच्या दिवसांत नोको, तेव्हा पंपाची इंजिनं येतात. आन् पांढरे कपडे घालून येऊ नोका म्हना."